मंगळवारी आलेला रविवार

पप्पा,

काल संध्याकाळी मी तुमच्या आवाजात बोलले. आवाज माझाच होता, पण वाक्य तुमचं, आणि ते म्हणताना मान किंचित तिरपी करायची ती सवयही तुमचीच. तुमची नात माझ्यासमोर उभी होती. तिचं म्हणणं साधं होतं: येत्या रविवारी चर्चच्या उपासनेत दोन गायनं गुजरातीतून घेऊ या. तिच्या वयाच्या इथल्या सुरतेतल्या पोरांना मराठी कळतं, घरी बोलतातही, पण वाचता येत नाही. गायनांचं पुस्तक हातात धरून ती नुसते ओठ हलवतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मंडळीचा कारभार पाहणारी पंच म्हणून मी पुढच्या बाकावर बसते, मागे कोण गातंय आणि कोण नाही हे पाठीलाही कळतं. तरी मी म्हणाले, "मंडळी म्हणजे काही बस नाही, कुणी हात दाखवला की थांबायला." तुम्हाला तिने पाहिलेलं नाही, पण तुमच्या गोष्टी मंडळीत ऐकलेल्या; ती हसायलाच लागली. म्हणाली, "मम्मी, हे तर आजोबांचं वाक्य. अने पछी बस तो ऊभी रही हती ने?" नंतर बस थांबली होती ना, असं विचारत होती ती मला. मी तिला पोळ्या लाटायला बसवलं आणि विषय बदलला. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून आज दुपारी हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळसुद्धा लिहिली नाही, आणि आता लिहायला घेतलं तर थांबवत नाही.

बस थांबली होती. त्याच दिवसाबद्दल लिहायचं आहे.

प्लेगची पळापळ होऊन गेली होती त्यानंतरचं वर्ष. सुरत सोडून गावी पळालेली माणसं परत आली होती, आणि शहर इतकं झाडून-पुसून काढलं होतं की तुम्ही म्हणायचात, आता वेशीबाहेर चपला काढून गावात शिरायला हवं. तुमची सकाळची शाळा होती. मराठी शाळेत सातवीला भूगोल, आणि रविवारी दुपारी तीन वाजता आपली मंडळी, तिची उपासना चालवणारे पाळकही तुम्हीच. गुजराती मंडळीची उपासना सकाळी आटोपली की त्यांचं चर्च आपल्याला मिळायचं. तीन म्हणजे तीन. चारच माणसं आलेली असली तरी तुम्ही घड्याळाकडे बघून उभे राहायचात, आणि पाचवं माणूस दारात दिसलं तरी त्याच्यासाठी प्रार्थना थांबायची नाही. सुरुवातीचं वाक्यही कधी बदललं नाही: आज प्रभूच्या दिवशी आपण त्याच्या घरी जमलो आहोत. नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेत तुम्ही जसं शिकलात, तसंच्या तसं तुम्ही सुरतेत आणून मांडलं होतं. गायन बसून म्हणायचं नाही, मधल्या ओळी गाळायच्या नाहीत, आणि टाळ्या तर नाहीतच. एकदा नाताळात मी टाळी धरली तेव्हा तुम्ही पुलपिटावरून माझ्याकडे असं पाहिलंत की माझे दोन्ही हात हवेतच राहिले. घरी आल्यावर म्हणालात, "देवाला बहिरेपण आलेलं नाही." मला राग आला होता. मला त्या वयात तुमचा राग फार पटकन यायचा, आणि तेवढ्याच पटकन जायचाही, कारण तुम्ही रागावून झालं की लगेच "चहा टाकतेस का?" म्हणून विचारायचात.

आई साड्यांना फॉल लावून द्यायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं शिवणाचं मशीन, आणि त्याच्या खाली साड्यांचा ढीग. तयार साड्या पोचवायला कतारगामला मी जायची, कॉलेज सुटल्यावर. तिथे एका लूमच्या कारखान्याच्या दारात एक मावशी धागा गुंडाळून बॉबिनं भरत बसायच्या. धुळ्याकडच्या. नवरा आत लूमवर, त्या बाहेर. लूमचा खडखडाट एवढा की शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडावं लागायचं. एके दिवशी साडी देऊन मी वळले आणि त्या आवाजात मला काहीतरी ओळखीचं ऐकू आलं. मावशी बॉबिन फिरवता फिरवता आपलं गायन म्हणत होत्या. आपलंच, पुस्तकातलं, पण चाल वेगळी, जात्यावर म्हणावं तशी. मी तिथेच उकिडवी बसले आणि दुसरं कडवं त्यांच्याबरोबर म्हटलं. त्यांनी बॉबिन थांबवलं. मग आत जाऊन नवऱ्याला बोलावून आणलं, शेजारच्या कारखान्यातून आणखी एकाला, आणि पाच मिनिटांत मला घेरून सात-आठ जण उभे. सगळे मला एकच सांगत होते की आम्हीही, आम्हीही.

रविवारी या ना, मी म्हणाले. तेव्हा मला कळलं की त्यांना रविवार नव्हताच. विजेची ओढाताण होऊ नये म्हणून कारखान्यांना भागाभागाने वेगवेगळ्या वारी सुट्टी असायची, आणि यांच्या वाट्याला मंगळवार आला होता. रविवारी लूम चालू, आणि लूम चालू तर माणूस लूमपाशी. मावशी म्हणाल्या, "प्रभुभोजन लिधं त्याले चार वरीस व्हयनात, बाई." रडून नाही सांगितलं. पायात काटा मोडलाय आणि काढायला वेळ नाही, अशा सुरात सांगितलं. प्लेगच्या दिवसांत गावी पळताना गाडीत त्यांनी ठरवलं होतं की जिवंत परत आलो तर आधी प्रभुभोजनाचा पाव आणि द्राक्षारस घ्यायचा. परत येऊन काही महिने झाले होते. मी घरी येईपर्यंत सायकल चालवली की उडवली, आठवत नाही.

रात्री जेवताना मी तुम्हाला सगळं सांगितलं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत, ही तुमची चांगली सवय होती. मग म्हणालात, त्यांनी मालकाकडे महिन्यातून एक रविवार मागावा. मी म्हणाले, मालक देत नाही. तुम्ही म्हणालात, प्रभू मरणातून रविवारी उठला, मंगळवारी नाही. मी शब्बाथाच्या, काम वर्ज्य असलेल्या दिवशी भुकेपोटी शेतातली कणसं मोडून खाणाऱ्या येशूच्या शिष्यांची गोष्ट काढली. तुम्ही म्हणालात, ती गोष्ट मला शिकवू नकोस, मी ती तुला शिकवली आहे. आणि मग मान तिरपी करून ते बसचं वाक्य. "आज मंगळवार, उद्या कुणी म्हणेल गुरुवार, परवा कुणी म्हणेल माझ्या दारात या. मंडळीला काही रीत राहील का? विषय संपला." ताटात भाताची चार शितं उरली होती, ती तुम्ही वेचून खाल्लीत आणि उठलात. आईने माझ्याकडे पाहिलं आणि डाळ वाढली. मी ती रागाने खाल्ली, पण खाल्ली.

पुढच्या आठवड्यात साड्या घेऊन गेले तर मावशी वाटच पाहत होत्या. "मंग, साहेब काय म्हने?" पप्पा, मी शपथेवर सांगते, कारखान्याच्या दाराशी पोचेपर्यंत माझ्या मनात खरं तेच सांगायचं होतं. जरा गोड करून, पण खरंच. त्यांच्या मागे त्यांची धाकटी मुलगी उभी होती, केस तेल लावून चापून बसवलेले, आणि तीही माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "येत्या मंगळवारी या. दुपारी एक वाजता, आमच्या घरी. साहेबांनी बोलावलंय."

सोमवारी संध्याकाळी मी काळ्या मनुका भिजत घातल्या. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे आपल्याकडे प्रभुभोजनाचा द्राक्षारस म्हणजे आईच्या ओट्यावरचं काम: मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळायच्या, मलमलच्या फडक्यातून पिळायच्या आणि रस बाटलीत भरून गार करायचा. ते फडकं दुसऱ्या कशालाही वापरायचं नाही. मनुकांच्या पातेल्यावर मी झाकण ठेवत होते तेवढ्यात आई आली. झाकण उचलून आत पाहिलं. सोमवारी मनुका कशाला, हे तिने विचारायला हवं होतं. तिने विचारलं, "देठं काढलीस का?" मी नाही म्हणाले. मग तिने पाट ओढला आणि आम्ही दोघी एकेका मनुकेचं देठ काढत बसलो. तुम्ही पुढच्या खोलीत सातवीचे पेपर तपासत होतात आणि नद्यांच्या उत्तरांवर मधूनमधून खो-खो हसत होतात.

मंगळवारी ती माणसं एक वाजायच्या आधीच आली. एकवीस जण, लेकरं धरून. सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे, पुरुषांच्या मानेवर पावडर. मावशींच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. आपल्या दोन खोल्यांत माणूस मावेना, म्हणून मी आणि आईने साड्यांचे गठ्ठे उचलून खाटेवर रचले, आणि खाट उभी करायची राहिली म्हणून त्या गठ्ठ्यांवर दोन पोरं बसवली. मी जिन्याकडे कान लावून होते. आता तुम्ही याल, या माणसांच्या तोंडावर नाही म्हणाल, आणि ती आपापल्या चपला घालून कतारगामला परत जातील. तेही माझ्यामुळे. चार वर्षं जे मिळालं नव्हतं त्याच्याशिवायच मावशींना दारातून परत जावं लागलं असतं, आणि पुन्हा त्या कुठल्याच दाराशी गेल्या नसत्या, एवढं मला कळत होतं.

तुम्ही जिन्यात चपलांसमोर थांबलात. मला खिडकीतून दिसतंय अजून: काखेत पेपरांची पिशवी, हातात छत्री, आणि तुम्ही चपला मोजताय. मग दारात आलात. एकवीस माणसं एकदम उभी राहिली आणि म्हणाली, "सलाम, साहेब." तुम्ही सलाम म्हणालात. मावशी पुढे झाल्या. "साहेब, तुम्हीन बलावं, आम्हीन उनूत." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. "बसा, बसा. हात धुऊन येतो," तुम्ही म्हणालात आणि आत आलात. नळ सोडलात, आणि मी तुमच्या मागे उभी राहून खालच्या आवाजात सांगितलं, "पप्पा, काहीतरी वाराचा घोटाळा झालाय. मी त्यांना कधीतरी रविवारी या म्हणाले होते. त्यांनी मंगळवार ऐकलं वाटतं."

तुम्ही हात पुसलेत. एकेक बोट पुसलंत. ओट्याकडे पाहिलंत आणि आईला विचारलंत, "रस आहे का?"

आई म्हणाली, "आहे."

"आणि पाव?"

पाव मी विसरले होते. मनुकांपासून सतरंजीपर्यंत सगळं आठवणीने केलेली मी, पाव साफ विसरले होते. दुपारी एकला बेकरी बंद. तुम्ही माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलंत, आणि मला वाटलं की तुमच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण तुम्ही टॉवेलने तोंड पुसत होतात.

पुढच्या खोलीत जाऊन तुम्ही त्यांच्यात खालीच बसलात. एकेकाला विचारलंत, गाव कोणतं, बाप्तिस्मा कुठे झाला, शेवटचं प्रभुभोजन कधी. सातवीच्या वर्गात हजेरी घ्यावी तसं. मग मावशींना विचारलंत की रविवारी का येत नाही. त्या मोकळेपणी म्हणाल्या, "आम्हना रविवार मंगळवारले येस, साहेब. मशीन बंद व्हयनं का आम्हना रविवार."

तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, सवयीने. मग ते मनगटावरून काढलंत आणि फळीवर ठेवलंत. मला ते घड्याळ तुमच्या हातावरून उतरलेलं फक्त अंघोळीच्या वेळी माहीत होतं. आईला म्हणालात, "मशीन मधे घे." आम्ही शिवणाचं मशीन ओढून खोलीच्या मधोमध आणलं, झाकण लावलं, आणि वर घालायला पांढरं कापड शोधू लागलो तेव्हा मावशींनी वर्तमानपत्राची गुंडाळी सोडली. आत कोरं कापड होतं, रंगायला जायच्या आधीचं, लूमवरून उतरलेलं तसंच. "आम्हना लूमवरनं शे," त्या म्हणाल्या. आईने ते मशीनवर पसरलं, तिच्या हातांना कापडाची सवय, एक सुरकुती राहिली नाही. वर स्टीलचा पेला आणि त्यात रस. आणि पाव? मावशींनी शेजारणीकडे पाहिलं आणि मग तुमच्याकडे. "मन्हा डबामा भाकर शे, साहेब. चालई का?"

ज्यांना मधली ओळ गाळलेली चालत नव्हती, ते माझे पप्पा. तुम्ही भाकरी हातात घेतलीत, बाजरीची, मधे थोडी करपलेली, आणि म्हणालात, "न चालायला काय झालं? येशूच्या गालीलात तरी बेकरी कुठे होती?" खोली हसली. एकवीस माणसं आणि आम्ही तिघं. मग सगळी शांत झाली, कारण तुम्ही उभे राहिलात. तुम्ही नेहमीच्या वाक्याला सुरुवात केलीत. "आज प्रभूच्या दिवशी," तुम्ही म्हणालात आणि थांबलात. मला वाटलं, आता वाक्य दुरुस्त कराल. तुम्ही त्या माणसांकडे पाहिलंत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालात: "आज प्रभूच्या दिवशी आपण त्याच्या घरी जमलो आहोत."

मावशींनी पेला दोन्ही हातांनी धरला. प्यायल्यावर बराच वेळ तो पुढे दिलाच नाही, आणि तुम्ही मागितला नाहीत. शेवटी गायन झालं, त्यांच्या चालीवर. त्यांना टाळ्या वाजवल्याशिवाय गाताच येत नव्हतं. मी माझे हात पदराखाली दाबून ठेवले होते. दुसऱ्या कडव्याला मला एक टाळी ऐकू आली, सगळ्यांच्या नंतर अर्धा ठोका उशिरा. मान वळवून पाहिलं तर तुम्ही. पप्पा, तुम्हाला ताल अजिबात नव्हता. तुम्ही टाळ्यांच्या विरोधात का होतात, त्याचं एक कारण मला त्या दिवशी सापडलं. मग मीही वाजवल्या, आणि आईनेही. खाली राहणारे गुजराती काका जिना चढून विचारायला आले की लग्न कोणाचं आहे, आणि चहा पिऊनच गेले.

त्यानंतर दर महिन्याचा पहिला मंगळवार. रविवारच्या मंडळीतले दोघे-तिघे रुसले, एका पंचांनी तर तुमच्याशी बोलणंच सोडलं. तुम्ही त्यांना एका मंगळवारी जेवायला बोलावलंत, मावशींच्या शेजारी बसवलंत, आणि पुढच्या महिन्यात ते स्वतः पाव घेऊन आले. कुणी काही नवीन काढलं की तुम्ही ती गोष्ट सांगायचात. पुलपिटावर, बारशात, एकदा तर शाळेच्या निरोपसमारंभात. "या माणसांना वार चुकला, आणि त्यांच्या चुकीने देवाने एका मास्तराला वार शिकवला." लोक हसायचे. तुम्हीही हसायचात, आणि "वार चुकला" हे म्हणताना दर वेळी मी बसलेली असायची त्या बाकाकडे एकदा पाहायचात. मला वाटायचं, पुढचं गायन काढून ठेवलंय का ते बघताय. म्हणून मी पुस्तक उघडायची.

आज सकाळी मी आईच्या मशीनचा खण उघडला, सुई बदलायला. खणात झेरॉक्सचा गठ्ठा होता. दोन गायनं, गुजरातीत, पन्नास प्रती, वर येत्या रविवारची तारीख. काल मी नाही म्हणाले, पण या झेरॉक्स त्याच्या आधीच्या असणार. आणि पन्नास प्रती कुणी स्वतःसाठी काढत नाही. तुमच्या नातीने कुणाकुणाला काय सांगून बोलावलंय, ते मला विचारायची गरज नाही. "मम्मीने हो म्हटलंय," असंच सांगितलं असणार. मी तो गठ्ठा हातात घेऊन उभी राहिले आणि मला आधी राग आला, आणि मग इतकं हसू आलं की सुई हातातून पडली. कारण तेव्हा मला तुम्ही दिसलात, नळाशी, एकेक बोट पुसताना. मनुका भिजायला एक अख्खी रात्र लागते. वार चुकून आलेल्या माणसांसाठी दुपारी एकला गार रस तयार नसतो. तुम्ही "रस आहे का" असं विचारलंत आणि आईने "आहे" म्हटलं, तेव्हाच तुम्हाला सगळं कळलं होतं. तरी तुम्ही जन्मभर ती चूक त्या माणसांच्या नावावर सांगितलीत, माझं नाव न घेता, आणि दर वेळी माझ्याकडे पाहून मला बोलायची संधी दिलीत. मी दर वेळी पुस्तक उघडलं.

मघाशी लेक कॉलेजहून आली. मी तिला एवढंच विचारलं, "झेरॉक्स नीट आल्यात का? मागच्या बाकावर डोळ्यांनी अधू असलेले दोघं आहेत, त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरात काढ." ती दारातच उभी राहिली. मी तिला चहा टाकायला सांगितलं.

हे पत्र मी त्याच खणात ठेवणार आहे, झेरॉक्सच्या खाली. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी यातली मुख्य गोष्ट तुम्हाला जुनीच वाटली असती. तरी एकदा माझ्या हाताने लिहिते: वाराचा घोटाळा झाला नव्हता, पप्पा. मी मंगळवारच म्हणाले होते.